‘टेन-फोर’ची भाषा : खेळातील पोलिसांचे बिनतारी संकेत

– द्वितीय वर्ष, कला शाखा

आपल्या वार्षिकांकात कविता, प्रवासवर्णने आणि थोरामोठ्यांची चरित्रे यांची परंपरा आहे. त्या पंगतीत संगणकावरील एका खेळाविषयीचा, आणि त्यातही त्या खेळातील पोलिसांच्या आकडी बोलीविषयीचा लेख पाहून काही भुवया उंचावतील याची मला कल्पना आहे. ‘हा काय अभ्यासाचा विषय झाला?’ असे कोणी विचारल्यास माझे उत्तर एवढेच की, भाषा हा कला शाखेच्या जिव्हाळ्याचा विषय. आणि मी जिच्याविषयी लिहीत आहे तीही एक भाषाच आहे. फरक इतकाच की तिच्यात शब्दांच्या जागी आकडे आहेत. ती नीट वापरली तर माणसे वेळेवर मदतीला पोहोचतात, आणि नुसती मिरवली तर समोरचा गप्प बसतो. हे दोन्ही परिणाम मी जवळून पाहिले आहेत. म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम खेळाविषयी. ‘ग्रँड थेफ्ट ऑटो फाइव्ह’ हा खेळ २०१३ साली बाजारात आला. अमेरिकेतील लॉस एंजेलिस शहरावरून बेतलेले ‘लॉस सँटोस’ नावाचे काल्पनिक शहर त्यात आहे. मूळ खेळ गुन्हेगारांच्या गोष्टीचा. परंतु पुढे ‘फाइव्हएम’ नावाची एक जोडप्रणाली निघाली आणि तिच्यामुळे कोणालाही स्वतःचा सर्व्हर उभारून, अनेक खेळाडूंना एकाच वेळी त्या शहरात वावरू देणे शक्य झाले. तेथे प्रत्येक खेळाडू एक पात्र घेतो. कोणी टॅक्सी चालवतो, कोणी रुग्णवाहिकेवर काम करतो, कोणी दरोडेखोर होतो, तर कोणी पोलिस. लिहून दिलेले संवाद नसतात. ज्याने त्याने आपल्या पात्राला शोभेल असे माईकवरून बोलायचे. यालाच ‘रोलप्ले’ म्हणतात.

ज्यांनी हा प्रकार पाहिलेला नाही त्यांनी आपला बहुरूपी आठवावा. पोलिसाचा वेष चढवून दारात येणारा आणि ‘चला ठाण्यात, तुमच्या नावाचं वॉरंट आहे’ असे दरडावणारा बहुरूपी खरा पोलिस नव्हे, हे साऱ्या गावाला ठाऊक असते. तरीही तो जोवर भूमिका सोडत नाही तोवर गंमत टिकते. रोलप्लेचे मर्म नेमके हेच आहे. भूमिका सोडून बोलणे हा तेथे मोठा दोष मानतात. आणि पोलिसाची भूमिका म्हटली की पोलिसाची बोली ओघाने आलीच.

माझ्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारा मी पहिलाच. घरी संगणक नाही. तालुक्याच्या गावी माझ्या मामेभावाचे झेरॉक्स आणि संगणक दुरुस्तीचे दुकान आहे. रात्री शटर अर्धे ओढून घेतल्यावर तेथील एका संगणकावर मी हा खेळ खेळतो. आमच्या सर्व्हरवर निरनिराळ्या राज्यांतील मुले असतात आणि बोलणे बहुधा हिंदीत चालते. तेथे मी आधी गस्तीचा पोलिस झालो आणि पुढे नियंत्रण कक्षात ‘डिस्पॅचर’ म्हणून बसू लागलो. नागरिकांचे फोन घ्यायचे आणि कोणती गाडी कोठे पाठवायची ते वायरलेसवरून सांगायचे, हे डिस्पॅचरचे काम. त्या जागेवर बसल्यावर सर्वांचे बोलणे एकट्याच्या कानावर पडते. आणि कोणाचे बोलणे कामाचे व कोणाचे नुसते रुबाबाचे, हे फार लवकर कळू लागते.

आता वायरलेसचा स्वभाव समजून घेऊ. टेलिफोनवर दोघांना एकदम बोलता येते. वायरलेसच्या एका वाहिनीवर मात्र एका वेळी एकानेच बोलायचे असते. बटण दाबले की आपण बोलतो, सोडले की ऐकतो. दोघांनी एकाच वेळी बटण दाबले तर दोघांचेही बोलणे वाया जाते. वीस गाड्या एकाच वाहिनीवर असतील तर एकाची बडबड म्हणजे एकोणीस जणांची तोंडे बंद. विहिरीवर रहाट एक आणि घागरी वीस असाव्यात, तशी ही स्थिती. ज्याने त्याने आपली घागर चटकन भरून बाजूला व्हावे, हाच तेथील शिष्टाचार. संकेतांचा जन्म या अडचणीतून झाला आहे.

हा इतिहास मोठा मनोरंजक आहे. १९२८ साली अमेरिकेतील डेट्रॉइट शहराच्या पोलिसांनी गस्तीच्या मोटारींत रेडिओ बसवून नियमित संदेश देण्यास आरंभ केला. परंतु तो एकतर्फी होता. मुख्यालयाने बोलायचे आणि मोटारीतल्या शिपायाने नुसते ऐकायचे. त्याला उत्तर द्यायचे असल्यास वाटेत थांबून टेलिफोन शोधावा लागे. १९३३ साली न्यू जर्सी राज्यातील बेयॉन या गावच्या पोलिसांनी दुतर्फी रेडिओ सुरू केला आणि मोटारीतून उत्तर देता येऊ लागले. मात्र आता सर्वांनाच बोलता येऊ लागल्याने वाहिनीवर गर्दी होऊ लागली. त्या काळी पोलिसांना वाहिन्याही थोड्याच मिळत.

इलिनॉय राज्याच्या पोलिस दलात चार्ल्स हॉपर नावाचे दळणवळण अधिकारी होते. १९३७ च्या सुमारास त्यांनी नेहमीच्या वाक्यांना आकडे देण्याची पद्धत बसवली. ‘तुमचा निरोप मिळाला’ याऐवजी ‘१०-४’, ‘पुन्हा सांगा’ याऐवजी ‘१०-९’, ‘तुम्ही कोठे आहात’ याऐवजी ‘१०-२०’. येथे कोणाच्याही मनात प्रश्न येईल की, निरोप थोडक्यात द्यायचा तर प्रत्येक वेळी ‘दहा’ कशाला? नुसते ‘चार’ म्हटले असते तर आणखी थोडक्यात झाले नसते काय?

याचे उत्तर त्या काळच्या यंत्रात आहे. मोटारीतला रेडिओ निर्वात नळ्यांवर चाले आणि त्या नळ्यांना लागणारा जादा दाब एक लहानसे फिरते जनित्र पुरवत असे. बटण दाबल्यावर ते जनित्र पूर्ण वेगाने फिरू लागण्यास सेकंदाचा दहावा ते चौथा हिस्सा लागे. बटण दाबून क्षणभर थांबावे आणि मग बोलावे, असे शिपायांना शिकवलेले असे. परंतु घाईत कोण थांबतो? मग पहिला शब्द हवेतच विरून जाई. म्हणून हॉपर यांनी प्रत्येक आकड्याच्या आधी ‘टेन’ हा बिनमहत्त्वाचा शब्द ठेवला. तो गिळला गेला तरी बिघडत नाही. पुढचा कामाचा आकडा शाबूत पोहोचतो. म्हणजे तो ‘दहा’ हा रस्ता मोकळा करण्यासाठी पुढे धावणारा भालदार होता म्हणा ना!

गंमत अशी की, हाच आजार आमच्या खेळातही आहे. बोलण्यासाठी कळफलकावरची एक कळ दाबून धरावी लागते. उतावीळ खेळाडू कळ दाबण्याच्या आधीच तोंड उघडतो आणि पहिला शब्द कापला जातो. ‘गोळी लागली नाही’ मधला कोणता शब्द कापला जातो यावर पुढचा सारा प्रसंग अवलंबून! जुने जनित्र इतिहासजमा झाले, पण माणसाची घाई तीच राहिली. म्हणून पहिला नियम : कळ दाबा, मनात एक मोजा, मग बोला.

संकेत चालतात कशाच्या बळावर, हे सांगण्यासाठी आपल्याकडचे एक उदाहरण देतो. भारतात २०१३ च्या जुलैमध्ये तार बंद झाली. त्यापूर्वी शुभेच्छांच्या तारेसाठी ठरावीक वाक्यांची एक यादी असे आणि प्रत्येक वाक्याला क्रमांक असे. पाठवणाऱ्याने नुसता क्रमांक लिहायचा. तारेतून तो आकडा जायचा. आणि घेणाऱ्याच्या हातात मात्र दिवाळीच्या किंवा लग्नाच्या शुभेच्छांचे पूर्ण वाक्य पडायचे. हे कसे साधे? तर दोन्ही टोकांच्या तारघरांत एकच यादी असे म्हणून. आकड्यात स्वतःचा असा काही अर्थ नसतो. तो अर्थ दोन्हीकडच्या एकाच यादीत असतो. यादी वेगळी झाली की वाढदिवसाच्या घरी दिवाळी पोहोचायची! हे एक सूत्र ध्यानात ठेवले तर पोलिसी संकेतांचे पुढचे सारे नियम आपोआप उलगडतात.

अमेरिकेतील पोलिस व तत्सम खात्यांच्या दळणवळण अधिकाऱ्यांची ‘ॲपको’ नावाची संघटना १९३५ पासून आहे. तिने या संकेतांचा प्रसार केला आणि १९७४ साली सुधारलेली यादीही प्रसिद्ध केली. खेळातील बहुतेक याद्या या ना त्या मार्गाने तिच्यावरून आलेल्या आहेत. खेळातील नित्याचे संकेत असे : १०-४ निरोप मिळाला; १०-६ कामात गुंतलो आहे; १०-७ सेवेबाहेर; १०-८ सेवेत हजर; १०-९ पुन्हा सांगा; १०-२० ठिकाण; १०-२२ आधीचा निरोप सोडून द्या; १०-२३ जागेवर पोहोचलो; १०-३३ आणीबाणी, वाहिनी मोकळी करा; १०-४१ पाळी सुरू; १०-४२ पाळी संपली; १०-५० अपघात; १०-५२ रुग्णवाहिका हवी; १०-७६ निघालो आहे; १०-७८ मदत हवी; १०-८० पाठलाग चालू आहे. मूळ यादी बरीच मोठी आहे, परंतु एवढे पाठ असले तरी खेळातल्या बहुतेक रात्री निभावून जातात.

मात्र आकडे पाठ असणे आणि बोलता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शब्दकोश पाठ करून कोणी वक्ता होत नाही. बोलण्याचा क्रम असा असावा : आधी मी कोण, मग मी कोठे, मग काय घडले, आणि शेवटी मला काय हवे. गाडीच्या ओळखनावाने सुरुवात करायची. त्यानंतर ठिकाण आधी का? तर बोलणे मध्येच तुटले तरी मदत कोठे पाठवायची हे कळलेले असते. ‘सेव्हन लिंकन ट्वेंटी-वन. सँडी शोअर्स, पेट्रोल पंपासमोर. टेन-फिफ्टी, दोन गाड्या. टेन-फिफ्टी-टू.’ एवढ्या बोलण्यात डिस्पॅचरला सर्व काही मिळाले. याउलट ‘हॅलो, कोणी आहे का, अरे इथे फार मोठा प्रकार झालाय, टेन-थर्टी-थ्री टेन-थर्टी-थ्री, लवकर या!’ असे दहा सेकंद ओरडणाऱ्या शिपायाने संकेत वापरला खरा. पण कोठे यायचे, ते सांगितलेच नाही. त्याला शोधेपर्यंत त्याचे पात्र इस्पितळात पोहोचलेले असते.

वरच्या ओळखनावातील ‘लिंकन’ म्हणजे काय, असे कोणी विचारील. लॉस एंजेलिसच्या पोलिसांत इंग्रजी अक्षरे ओळखण्यासाठी नावे ठरलेली आहेत : एसाठी ॲडम, बीसाठी बॉय, डीसाठी डेव्हिड, एलसाठी लिंकन. दोन शिपायांची गाडी ‘ॲडम’ आणि एकट्याची ‘लिंकन’. म्हणजे नुसत्या ओळखनावावरून त्या गाडीत मदतीला दुसरा माणूस आहे की नाही, हे डिस्पॅचरला समजते. वाहनाचा क्रमांक सांगतानाही हीच नावे कामी येतात, कारण बी, डी, पी आणि टी कानाला सारखेच लागतात. आपल्याकडे फोनवर नाव सांगताना ‘पी फॉर पुणे, डी फॉर दिल्ली’ म्हणतात, तोच हा प्रकार.

आता नेहमी होणाऱ्या दुरुपयोगांविषयी. पहिला दुरुपयोग ‘१०-४’चा. त्याचा अर्थ ‘तुमचे बोलणे मिळाले आणि समजले’ एवढाच. ‘होय’, ‘मला मान्य आहे’ किंवा ‘मी येतो’ असा त्याचा अर्थ नाही. मदतीच्या हाकेला चौघांनी ‘टेन-फोर’ म्हटले आणि एकही निघाला नाही, असे मी वाहिनीवर ऐकले आहे. हाक मारणाऱ्याला वाटते चौघे येत आहेत; आणि प्रत्येकाला वाटते बाकीचे तिघे गेले असतील. निघाला असाल तर ‘१०-७६’ म्हणा. दुसरा दुरुपयोग ‘ओव्हर अँड आउट’चा. चित्रपटांनी तो आपल्या तोंडी बसवला आहे. वास्तविक ‘ओव्हर’ म्हणजे माझे बोलून झाले, आता तुम्ही बोला. आणि ‘आउट’ म्हणजे संभाषण संपले, उत्तर नको. दोन्ही एकत्र म्हणणे म्हणजे पाहुण्याला ‘बसा’ म्हणत दार लावून घेणे होय. तिसरा दुरुपयोग आकड्यांच्या माळेचा. एकाच दमात पाच-सहा संकेत गुंफले म्हणजे आपण पक्के पोलिस झालो, असे काहींना वाटते. ऐकणारा पहिल्या आकड्याचा अर्थ आठवेपर्यंत पाचवा आकडा निघून जातो. एका निरोपात दोन, फार तर तीन संकेत. बाकी सारे साध्या शब्दांत. हा अलिखित नियम पाळणाराच अनुभवी समजावा.

चौथी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. आमच्यातील अनेकांची समजूत अशी की, या संकेतांचा एकच ‘खरा’ अर्थ आहे आणि तो ज्याला येत नाही तो अडाणी. वस्तुस्थिती वेगळीच आहे. संघटनेने यादी काढली तरी अमेरिकेतील ठिकठिकाणच्या पोलिस दलांनी आपापल्या सोयीने आकडे बदलले. ‘१०-१३’ म्हणजे जुन्या यादीप्रमाणे हवामान व रस्त्याची स्थिती. पण न्यूयॉर्कच्या पोलिसांत तोच आकडा ‘पोलिस संकटात आहे, धावा’ असा अर्थ सांगतो. एकाच आकड्याने एकाने ‘पाऊस पडतो आहे काय?’ असे विचारावे आणि दुसऱ्याने प्राणांतिक हाक ऐकावी! खेळातही तेच. गाडी तपासणीसाठी थांबवली हे सांगण्यास काही सर्व्हरवर ‘१०-११’ म्हणतात, काहींवर ‘१०-३८’. पोहोचलो हे सांगण्यास कोठे ‘१०-२३’, तर कोठे ‘१०-९७’. यांत खरे-खोटे असे काही नाही. ज्या सर्व्हरवर आपण उभे आहोत त्या सर्व्हरची यादी तेवढी खरी.

सर्वांत मोठा विनोद पुढेच आहे. लॉस सँटोस हे शहर लॉस एंजेलिसवरून बेतलेले आहे हे वर आलेच. पण खऱ्या लॉस एंजेलिसच्या शहर पोलिसांची वाहिनीवरील बोली मुख्यतः या ‘दहा’च्या आकड्यांची नाहीच! ते ‘कोड थ्री’ म्हणतात, म्हणजे दिवा व भोंगा लावून तातडीने. ‘कोड फोर’ म्हणतात, म्हणजे आणखी मदत नको. ‘कोड सेव्हन’ म्हणतात, म्हणजे जेवायला जातो. गुन्ह्यांसाठी ते कॅलिफोर्नियाच्या दंडसंहितेतील कलमांचे आकडे वापरतात : १८७ म्हणजे खून, २११ म्हणजे जबरी चोरी, ४५९ म्हणजे घरफोडी. आपल्याकडे फसवणाऱ्याला अजूनही ‘चारशेवीस’ म्हणतात, तसेच हे. ‘टेन-फोर’ जगभर पोहोचला त्याचे बरेचसे श्रेय १९५५ ते १९५९ या काळात अमेरिकन दूरदर्शनवर चाललेल्या ‘हायवे पेट्रोल’ या मालिकेला आणि पुढे १९७० च्या दशकात आपसांत रेडिओवर बोलणाऱ्या तेथील ट्रकचालकांना आहे. तेव्हा लॉस सँटोसमध्ये ‘टेन-फोर’ न म्हणणाऱ्याला ‘खोटा पोलिस’ ठरवणाऱ्यांनी जरा जपून बोलावे.

खऱ्या पोलिसांनाही या गोंधळाची किंमत मोजावी लागली. ऑगस्ट २००५ मध्ये कॅटरिना चक्रीवादळाने अमेरिकेच्या दक्षिण किनाऱ्यावर हाहाकार उडवला. दूरदूरच्या राज्यांतून मदत पथके आली आणि एकमेकांशी बोलताना त्यांची पंचाईत झाली. त्यानंतर ‘फेमा’ या तेथील मध्यवर्ती आपत्ती व्यवस्थापन संस्थेने अशा संकेतांचा वापर टाळण्यास सांगितले. अनेक खात्यांनी मिळून करावयाच्या कामात साधी भाषाच वापरावी, असा दंडक घातला गेला. म्हणजे ज्या देशात हे संकेत जन्मले, तेथेच ‘जेव्हा खरोखर जिवावर बेतते तेव्हा आकडे बाजूला ठेवा आणि सरळ बोला’ असे ठरले. आपापल्या खात्यात रोजच्या कामासाठी अनेक ठिकाणी ते आजही वापरतात. कारण तेथे सर्वांची यादी एकच असते. तारघराचे सूत्र येथेही लागू पडते ते असे.

हे सारे मला शोधून वाचावेसे वाटले ते एका प्रसंगामुळे. आमच्या सर्व्हरवर मराठवाड्यातील एक मुलगा नव्याने पोलिसात आला. हिंदी जेमतेम, इंग्रजी त्याहून कमी. पण नजर तीक्ष्ण. एका रात्री दरोडेखोरांच्या गाडीमागे तो एकटाच गेला आणि वाहिनीवर म्हणाला, ‘पुल के नीचे हूँ, दो लोग हैं, मेरे को गोली लगी, आओ.’ मी डिस्पॅचरच्या जागेवर होतो. ठिकाण, संख्या, दुखापत, मागणी. सारे एका वाक्यात आले होते. मी दोन गाड्या धाडल्या. त्या निघतात न निघतात तोच एक वरिष्ठ वाहिनीवर आला आणि त्याने त्या मुलाला तेथेच झापले : ‘ही काय बोलायची पद्धत झाली? आधी कोड पाठ कर, मग रेडिओला हात लाव.’ त्या झापण्यात पंधरा सेकंद वाहिनी अडली. निघालेल्या गाड्यांना ‘कोणत्या बाजूने येऊ?’ हे विचारताही आले नाही. ज्याने संकेत वापरला नाही त्याचे बोलणे सर्वांना कळले होते. आणि ज्याला सारे संकेत पाठ होते त्याने वाहिनी अडवली.

नंतरच्या रात्री तो मुलगा ड्युटीवर येई, पण वाहिनीवर बोलत नसे. काही दिसले तरी गप्प. माझ्या मते पोलिसाची भूमिका करणाऱ्याचे याहून मोठे अपयश नाही आणि ते अपयश त्या मुलाचे नव्हते. वर्गात उत्तर येत असूनही शब्द चुकेल या भीतीने हात वर न करणारा विद्यार्थी आपल्यापैकी प्रत्येकाने पाहिला आहे. आमच्यासारख्या घरांतून आलेल्यांना तर तो चांगलाच ओळखीचा. महाविद्यालयात आल्यावर पहिल्या महिन्यात ‘टर्मवर्क’, ‘एटीकेटी’, ‘बोनाफाईड’ हे शब्द कानावर पडले तेव्हा घरी विचारावे असे कोणी नव्हते. ज्यांच्या घरात ते आधीपासून बोलले जातात त्यांना ते संकेत वाटतच नाहीत. जे बाहेरून येतात त्यांना मात्र तेच शब्द वेशीवरच्या बंद दरवाजासारखे भासतात.

म्हणून मी एक साधे काम केले. सर्व्हरची सुमारे साठ संकेतांची यादी होती. चार रात्री डिस्पॅचरच्या जागेवर बसून कोणता संकेत किती वेळा येतो त्याच्या खुणा वहीत केल्या. नेहमी लागणारे संकेत पंधराच्या आतच निघाले. त्या पंधरांची यादी मराठीत व हिंदीत, एकेका ओळीच्या अर्थासह तयार केली आणि खाली ठळक अक्षरांत लिहिले : ‘संकेत आठवला नाही तर सरळ सांगा. ठिकाण आधी सांगा.’ सर्व्हर चालवणाऱ्यांनी ती लावली. काहींनी ‘याने रोलप्ले बिघडेल’ अशी हरकत घेतली. त्यांना मी कॅटरिनाचा दाखला दिला : खऱ्या पोलिसांची भूमिका करायची तर खरे पोलिस संकटात जसे बोलतात तसे बोलणे हाच अस्सल रोलप्ले नव्हे काय? यावर वाद अजून मिटलेला नाही. पण तो मराठवाड्याचा मुलगा पुन्हा वाहिनीवर बोलू लागला आहे. ‘टेन-सेव्हंटी-सिक्स’ म्हणताना त्याची जीभ अडखळते आणि मग तो सरळ ‘निकल गया’ म्हणतो. गाडी मात्र वेळेवर पोहोचते.

येथे एक सावधगिरीची सूचना देणे अवश्य वाटते. ही बोली खेळात शोभते, रस्त्यावर नव्हे. खेळाबाहेर आपण पोलिस आहोत असे भासवणे हा कायद्याने गुन्हा आहे आणि बहुरूप्याची मुभा त्याला नाही. तसेच खरा अपघात पाहिला, आग दिसली वा कोणी संकटात सापडले, तर ११२ क्रमांक फिरवावा. तेथे कोणी आपल्याला आकडे विचारणार नाही. कोठे, काय, किती जण, कोणती मदत हवी एवढेच शांतपणे आपल्या भाषेत सांगावे. ठिकाण आधी सांगावे. खेळात शिकलेली ही एवढी सवय जरी अंगी मुरली, तरी दुकानाच्या अर्ध्या शटरमागे घालवलेल्या रात्री अगदीच वाया गेल्या असे म्हणता येणार नाही.

सारांश, संकेत ही सोय आहे, प्रतिष्ठा नव्हे. तो आपण किती ऐटीत म्हटला यावर त्याचा योग्य वापर ठरत नाही. पलीकडच्याला तो कळला की नाही यावर ठरतो. दोघांकडे एकच यादी असेल तेथे आकडा जरूर वापरावा, कारण तो वेळ वाचवतो. यादी वेगळी असेल, किंवा पलीकडचा नवा असेल, तेथे शब्द वापरावेत. आणि कोणी साध्या शब्दांत हाक मारली, तर आधी मदतीला निघावे. शिकवणी नंतरही घेता येते.